पाटीवर लिहिलं होतं ‘पादत्राणे’

नाय, पण मला एक सांगा, ‘पादत्राणे’ हा शब्द तुम्ही आयुष्यात कधी तोंडानं बोललाय का? घरातून निघताना बायकोला कधी म्हणलात का, अगं केसर, माझी पादत्राणे कुठं गेली? म्हणून तर बघा, डॉक्टरला फोन लावंल ती! हा शब्द फक्त पाटीवर असतो. विहाराच्या पायरीवर, दवाखान्यात, कुण्या मोठ्या सायबाच्या केबिनबाहेर... आणि जिथं ती पाटी असती तिथं आपण काय करतो? खाली वाकतो अन् चपला काढतो. बरोबर? मग माझं चुकलं कुठं, तेवढं सांगा!

तुम्हाला सांगतो, मी करमाडचा कडुबा, शेंद्र्याला कंपनीत फिटर, मला कशाला पायजे होतं म्युझियम? पण आमची करुणा, थोरली लेक, इतिहासात एम.ए. केलेली, तिला तिथं गाईडची नोकरी लागली. औरंगपुऱ्याच्या मागं ती जहागीरदाराची हवेली नाय का, आता म्युझियम केलंय तिचं... हां, तीच. नोकरी म्हणजे महिनाभर ट्रायलवर. आणि शेवटच्या दिवशी मेघा मॅडम, म्हणजे तिथल्या मुख्य, स्वतः मागं फिरून ऐकणार अन् ठरवणार, पोरगी ठेवायची का घरी पाठवायची. म्हणलं, त्या दिवशी आपण बी लेकीला ऐकावं. ती म्हणली, “पप्पा, या, पण सगळ्यांच्या मागं उभं राहा, आणि कशाला हात लावू नका.” म्हणलं, बाई, दोन्ही हात खिशात ठेवतो! आता पायाचं ती काय बोललीच नाय, त्याला मी काय करू?

लोकं यायच्या आधी अर्धा तास मी हजर. आत शिरलो... अहाहा! तलवारी काय, बिदरीचे हुक्के काय, चिनी मातीची ही एवढाली भांडी काय! अन् एका दालनाच्या उंबऱ्यापाशी बुटका चौरंग, त्यावर लाल मखमल, मखमलीवर जरीच्या मोजड्यांचे चार जोड नीट मांडलेले, आणि पितळी पाटी, ‘पादत्राणे’. खाली बारीक अक्षरात आणखी कायतरी होतं, पण चष्मा घरी. म्हणलं, ‘येथे काढावीत’ असणार, दुसरं काय असतंय? पुढं दोरी होती, व्हय, होती की! पण वेरूळला तिकिटाच्या खिडकीपुढं नसती का? दोरी रांगेची असती! मी दोरीखालून वाकून गेलो अन् त्या चार जोडांच्या शेजारी आपली सँडल ठेवली. मखमल मळू नये म्हणून झटकून ठेवली हो! चुकलं कुठं?

आता सँडल कसली... टायरचा सोल, अन् पट्टा तुटला तेव्हा मीच सायकलच्या ट्यूबची पट्टी ठोकलेली, चार खिळे मारून. फिटरचं काम, अजून हललं नाय.

मग लोकं आली. पंधरा-वीस जण, बरेचसे पुण्याचे. पुढं करुणा, मागं मेघा मॅडम वहीत लिहीत, अन् त्यांच्या मागं मी, अनवाणी, हात खिशात. आणि पोरगी काय बोलत होती म्हणून सांगू! घरात ‘मीठ कमी आहे’ एवढंच बोलणारी पोरगी, इथं निजामापासून सगळं घडाघडा... माझी छाती अशी फुगली. आणि ही समदी लोकं थांबली कुठं? त्या मखमलीपुढं!

एक टोपीवाले काका बायकोला समजावताहेत, “हे बघ, हे चार जोड घरंदाज मंडळींचे. आणि हा पाचवा जोड साध्या शिपायाचा. केवढा विचार करून ठेवलाय! टाचेची झीज बघितलीस? घोडेस्वार असणार.” बायको म्हणते, “अहो, पण हे टायरसारखं का दिसतंय?” “टायर काय, टायर! गेंड्याचं कातडं आहे ते!” आणि फोटो, खटाखट, माझ्या सँडलचे! आमच्या लग्नात एवढे फोटो निघाले नव्हते.

करुणा वळली. तिनं पाहिलं. ट्यूबची पट्टी ओळखली तिनं... तिच्याच कॉलेजच्या सायकलची ट्यूब होती ती. तेवढ्यात मेघा मॅडम पुढं आल्या. आवाज चढवला नाय, हळूच बोलल्या, ते तर लई वाईट. “कुणाची ही?” अन् वळल्या दारातल्या वॉचमनकडं, “राजकुमार, तुझी? अशानं उद्यापासून येऊ नकोस.” तो बिचारा आपला एकेक पाय वर करून दाखवतोय, “नाय मॅडम, माझे बूट पायात हायेत, हे बघा...”

आता मी काय करायला पायजे होतं? पुढं व्हायचं, म्हणायचं, ‘माझी’. दोन अक्षरं. पण म्हणलं, बोललो तर लेकीची नोकरी जाईल... असं मी लोकांना सांगतो. तुम्हाला खरं सांगू? लाज वाटली. वीस शिकलेल्या माणसांत ती सँडल माझी म्हणायची लाज वाटली. मी वर झुंबराकडं बघत राहिलो, जसं काय ही पोरगी कोण, मला ठावकीच नाय.

आणि करुणा बोलली. त्याच खणखणीत आवाजात. “मॅडम, ती माझ्या पप्पांची आहे. ते मागं उभे आहेत.” दोरी बाजूला केली, सँडल दोन्ही हातांनी उचलली, लोकं दुभंगली, अन् तिनं ती माझ्या पायापुढं आणून ठेवली. “घाला पप्पा, फरशी गार आहे.”

ओरडली असती तर बरं झालं असतं हो! मी म्हणलो असतो, माझं चुकलं कुठं... आता म्हणता येत नाय. चुकलं. पाटी वाचताना नाय, नंतर चुकलं. तिथून पुढं जी मान खाली गेली ती दुसऱ्या मजल्यापतूर वर झाली नाय.

नोकरी? राहिली की! मॅडमनी जाताना पोरीच्या पाठीवर हात ठेवला. अन् तो राजकुमार, ज्याच्या पोटावर पाय येत होता, त्यानंच मला चहा पाजला, “काका, टेन्शन मत लो, यहाँ तो लोग नवाब के पलंग पे लेट जाते हैं.”

घरी आलो तर केसर दारातच, “आवं, दोन तास होता तिथं, काय काय पाह्यलं?”

म्हणलं, “छत अन् फरशी लई भारी हाय. मधलं काय बी पाह्यलं नाय.”