चाळिसांपैकी त्रेचाळीस

नाव व घरचा पत्ता पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत दिला आहे. वय ६१. व्यवसाय: औषधशास्त्राचा प्राध्यापक, आता निवृत्त. सोबत राहणारी: पुतणी, वय २८, सरकारी रुग्णालयात डॉक्टर.

आज दिनांक २० रोजी स्वतःहून ठाण्यात येऊन समक्ष सांगतो की, धाकटा भाऊ वारल्यापासून त्याची मुलगी माझ्याकडेच वाढली. वरील पुतणी ती हीच.

पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या संशोधन-नियतकालिकांविरुद्ध मी नऊ वर्षे सभांतून बोलत आहे. ज्या समाजात खोट्याला छापील पान मिळते, त्या समाजात खऱ्याला दार ठोठावत बसावे लागते. (अंमलदारांनी भाषण नको, हकीकत सांगा, असे म्हटल्यावरून पुढे सांगतो.)

दिनांक ३ रोजी अशाच एका नियतकालिकाला उघडे पाडण्यासाठी मी बनावट लेख पाठवला. लेखक म्हणून एक डॉक्टर मनानेच रचला. हृदयाचे ठोके आवरणारी एक गोळी वृद्धांना दुप्पट दिली तरी धोका नाही, असे त्यात लिहिले. वाचणाऱ्याला खोटेपणा कळावा म्हणून तक्त्यात चाळीस रुग्णांपैकी त्रेचाळीस बरे झाल्याचे दाखवले. एकतीस तासांत स्वीकृतीचे पत्र आले. लेख तज्ज्ञांनी बारकाईने तपासला, असे त्यात होते. पैसे भरल्याशिवाय ते छापत नाहीत, म्हणून मी भरले नाहीत व निर्धास्त राहिलो. प्राध्यापकांच्या आजच्या सभेत ते पत्र वाचून दाखवायचे होते. आधी बोभाटा नको म्हणून घरीही बोललो नाही.

दिनांक १८ रोजी दुपारी पुतणीचे तीन फोन आले. मी भाषण लिहीत होतो. उचलले नाहीत.

संध्याकाळी सहाला उचलला. तिच्या वॉर्डातील चौऱ्याहत्तर वर्षांच्या सुतारकाम करणाऱ्या आजोबांचे ठोके आवरत नव्हते. वरिष्ठ शस्त्रक्रियेत होते. तिने मोबाईलवर शोधले, एका लेखाचा सारांश वाचला, तक्ता उघडायला वेळ नव्हता. गोळी दुप्पट दिली. चार वाजता ठोके मिनिटाला चौतीसवर आले. ती म्हणाली, "काका, तुम्हाला विचारूनच देणार होते." मी लेखकाचे नाव विचारले. तिने सांगितले. मी फोन ठेवला.

काल सकाळी नियतकालिकाच्या कार्यालयात गेलो. झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली, दोन टेबले, एक व्यवस्थापक. अंकाला लेख कमी पडत होते म्हणून डॉक्टरसाहेबांचा फुकट टाकला, असे त्याने सांगितले. काढायचा तर लेखकाची सही व ओळखपत्र हवे. असा डॉक्टर नाहीच, तो मीच, असे मी म्हणालो. तो हसला. म्हणाला, "अहो सर, नाही कसे? परवाच त्यांना संपादक मंडळावर घेतलंय." एक माणूस अतिदक्षता विभागात आहे, हे मी दोनदा सांगितले. तो म्हणाला, "मग ते डॉक्टरांना विचारा. आम्ही फक्त छापतो." लेख आज सकाळीही उघडत होता.

तेथून रुग्णालयात गेलो. आजोबा शुद्धीवर नव्हते. त्यांची पत्नी बाहेरच्या बाकावर त्यांचा चष्मा धरून बसली होती. "तुमचं कोण आहे आत?" तिने विचारले. मी अर्धा तास शेजारी बसलो.

उद्या अकरा वाजता रुग्णालयाच्या समितीपुढे पुतणीची चौकशी आहे. ती लेख दाखवील, समिती लेखकाला शोधील, तो सापडणार नाही. म्हणून या जबाबाची प्रत समितीला मिळावी. पुतणीला अजून सांगितलेले नाही. येथून थेट तिच्याकडे जात आहे. व्यवस्थापकाविरुद्ध माझी तक्रार आहे. आरोपींत माझेही नाव घ्यावे.

अंमलदारांनी जबाब मोठ्याने वाचला. मध्येच थांबून ते म्हणाले, "सर, चाळिसांपैकी त्रेचाळीस कसे? माझ्या लिहिण्यात चूक झाली का?" हे विचारणारे ते पहिलेच. चूक नाही, तसेच राहू द्या, असे मी सांगितले. बाकी मजकूरही मी बोललो तसाच उतरला आहे. माझ्या खऱ्या नावाने सही करत आहे.