रंभाबाईच्या दारात

खुशी : केस काहून विंचरून राहिली वं आई? रंभाबाईच्या दारात बसाले नटून जा लागते का?

कामिनी : तोंड नको चालवू. अकराले बचत गटाची मिटिंग हाय, समद्या बाया जमून राहिल्या.

खुशी : मिटिंग म्हने! नऊ बाया एका विधवेच्या उंबऱ्यावर फतकल मारून बसतीन, तिची शिलाई मशीन उचलून आनतीन, आन् वरून म्हनतीन मिटिंग झाली.

कामिनी : गटाचा नियमच हाय तसा. एकीनं हप्ता चुकवला का बाकीच्या नऊ जनींनी भराचा, नाई तं तिच्या दारात जाऊन बसाचं. तिचे तीन हप्ते थकले. माह्या हातात हाय का ते?

खुशी : तुह्याच तं हातात हाय.

कामिनी : हळू बोल.

खुशी : काहून हळू? मी शाळा सोडली, आंधळी नाई झाली. आठ महिन्याआधी मंगळवारी रंभाबाईच्या नावावर चाळीस हजाराचं लोन निघालं. बुधवारी आपल्या दारात पोह्याचा ठेला उभा. एवढं गणित येते मले.

कामिनी : माह्या नावावर दोन लोन आधीच होते. तिसरं देत नाईत. रंभाच म्हनली, माह्या नावानं घे. मी का तिच्या गळ्यावर पाय देला होता?

खुशी : तवा नसन देला. आता देऊन राहिली नं.

कामिनी : पैसे उडवले का मी? पाच महिने एक हप्ता चुकला नाई. तुह्या बापाच्या राज्यात चहा कोरा पेत होतो आपन. ठेला आला आन् घरात रोज अर्धा लिटर दूध याले लागलं. तूच पेली नं ते? मंग चौकातला रस्ता खोदून ठेवला त्यायनं. धुळीत उभं राहून कोन पोहे खाईन?

खुशी : मंग हेच बायांना सांग.

कामिनी : सांगू? सोमवारी माह्यं साठ हजाराचं नवं लोन हाय. दवाखान्याजवळ गाळा पाहून ठेवला मी. एकीच्या नावावर दुसरीनं उचललं समजलं, तं लोन देनारे सर मले गटातून जन्मभराचं बाहेर काढतीन. साठ हजार आले का पयले रंभाचे हप्ते भरीन, मशीन सोडवून आनीन.

खुशी : तवरोक ती ब्लाउज कशानं शिवन? दातानं?

कामिनी : थोबाड फोडीन, खुशी!

खुशी : फोड. पन आधी तिच्या दारात बसून ये. तिच्या तोंडाकडं पाहून दाखव मले.

(कुसुमताई दारात येऊन उभी राहते.)

कुसुमताई : झालं नाही का वं कामिनी? मशीनसाठी टेम्पो सांगितला आहे. उभ्या टेम्पोचं भाडं कोण देईल?

खुशी : तेही रंभाबाईच्याच नावावर टाका नं, मावशी.

कुसुमताई : या पोट्टीले शाळेतून काढलं ते बरंच केलं.

खुशी : काढलं नाई. मी सोडली.

कुसुमताई : शाळा सुटली म्हण. हे पाह्य, नऊ वर्षं झाली मी गटप्रमुख आहे. या गल्लीतल्या बायांना सावकाराच्या दारातून मी उठवून आणलं. शिस्त नाही पाळली, तर परत तिथंच जाऊन बसा.

खुशी : सावकार एकटा याचा. तुमी नऊ जनी जाता.

कुसुमताई : तुझ्या आईले विचार, गट नसता तर तो ठेला उभा झाला असता का?

खुशी : तेच विचारून राहिली मी सकाळपासून. सांग नं आई. का मी सांगू?

कामिनी : तू चूप बैस!

कुसुमताई : माय-लेकीचं मागून भांडा. रंभाकडूनच येऊन राहिली मी. एक शब्द उलटा बोलली नाही ती. मशीन पुसून ठेवली, तेलपाणी केलं. वरून कव्हर शिवलं मशीनले. म्हणे, रस्त्यावर लई धूळ आहे.

कामिनी : कव्हर शिवलं?

कुसुमताई : हो. त्याच मशीनवर.

कामिनी : आन् काई बोलली नाई?

कुसुमताई : म्हणाली ना. कामिनीले आणू नका, तिची ठेल्याची वेळ असते. मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा. चाल आता.

खुशी : जाय आई. टेम्पोत पुढं बैस, धूळ नाई लागन.

कामिनी : ताई, टेम्पो वापस पाठवा.

कुसुमताई : काय?

कामिनी : ते चाळीस हजार मी घेतले. रंभानं फक्त अंगठा देला. ठेला त्याच पैशाचा हाय. हप्ते मी चुकवले.

कुसुमताई : काय बोलून राहिली, समजते का तुले? सोमवारचं लोन गेलं तुझं. मी लपवू शकत नाही हे.

कामिनी : नका लपवू.

कुसुमताई : आणि बाया? चिडून बसल्या आहेत त्या तिकडं. त्यांना काय सांगू?

कामिनी : इकडं घेऊन या. खुशी, चटई काढ.

खुशी : कुठी टाकू?

कामिनी : आपल्या दारात. मोठी काढ, रंभाही येईन.