महादेवचे फिन्स

सांग बाबा, गिऱ्हाइकाने विश्वास ठेवायचा कोणावर, मालावर की दुकानदारावर? गोव्यात तुयेच्या कारखान्यात काम करणाऱ्या, कोल्हापूरच्या महादेवने माझ्यावर ठेवला. त्याला मालवणला डायव्हिंग शिकायचं होतं. नवशिक्याच्या पायांना मऊ, आखूड फिन्स, म्हणजे पोहायचे रबरी पंख, बरे, हे मला ठाऊक होतं. तरी दुकानात पडून राहिलेले लांब, कडक फिन्स मी पुढे केले.

"शेठ, जड वाटत्यात की."

"अरे, एका लाथेत मालवणहून तेरेखोल गाठशील."

आठवड्याने लंगडत आला. "पोटऱ्यांत गोळे आले, शेठ. मास्तरांनी ओढून वर काढलं. आपलं पायच समुद्राचं न्हाईत."

दोष पायांचा नव्हता, हे सांगायला तोंड उघडलं आणि चहा मागवला. तो पुन्हा पाण्यात उतरला नाही.

तू आता दुकान घालतोयस, तर हिशोब खरा ठेव. माल कोणाला विकला, त्या नावापुढे का विकला, तेही लिहीत जा.