मंगळवारचा फोन

मालन: आई सोमवारी गेली? आज शुक्रवार आहे, नंदू.

नंदू: ताई, आधी बस तरी.

मालन: मंगळवारी मी फोन केला तेव्हा तू म्हणालास, आई झोपलीय.

नंदू: घरात सगळे गाववाले बसलेले. काय बोलणार होतो?

मालन: तिला अग्नी देऊन आलेलास. आणि बहिणीला सांगतोस, झोपलीय.

नंदू: काका तोंडावर बोलले, ती क्रॉस घालून आली तर आम्ही खांदा देणार नाही.

मालन: मी काढून ठेवला असता.

नंदू: काढला असतास?

मालन: आईचं तोंड बघायला? लगेच. येशू काय गळ्यातल्या साखळीत राहतो?

नंदू: आता बोलतेस. बाप्तिस्मा घेताना विचारलंस कोणाला?

मालन: कोणाला विचारू? माझी रुचिरा सतरा दिवस आयसीयूत होती. सख्खा मामा तू, किती वेळा आलास? एकदा. तेही पार्किंग मिळत नाही म्हणून दहा मिनिटांत पळालास. चर्चच्या बायका सांताक्रूझवरून रोज डबा घेऊन यायच्या.

नंदू: आणि तरी पोरगी गेलीच ना! काय केलं तुझ्या देवाने?

(मालन तोंड फिरवते.)

नंदू: सॉरी. तसं नव्हतं बोलायचं.

मालन: तसंच बोलायचं होतं. आता ऐक. ती गेली तेव्हा मी बाहेरच्या बाकावर एकटी होते. तेव्हा तो होता. दिसला नाही, बोलला नाही. बाजूला कोणीतरी येऊन बसावं ना, तसा. तो अजून उठून गेलेला नाही.

नंदू: मग रडतेस कशाला?

मालन: तो असला म्हणून दुखत नाही होय रे? दुखतं. फक्त एकटीला दुखत नाही.

नंदू: श्वेता म्हणाली, तुम्ही सांगा, नाहीतर मी जाऊन सांगते. म्हणून आलो.

मालन: म्हणजे बायकोने पाठवलं म्हणून आलास. बरं. आईने शेवटी काही विचारलं?

नंदू: जाऊ दे ना.

मालन: नंदू.

नंदू: रविवारपासून एकच चाललेलं. ‘मालन इली काय?’ मी सांगितलं, तिचा फोन लागत नाही.

मालन: माझा फोन चालू होता.

नंदू: माहितीये.

(मालन डोळे मिटून बसते. तिचे ओठ हलतात.)

नंदू: ताई? काय करतेस?

मालन: त्याला सांगतेय.

नंदू: माझं पण?

मालन: सगळंच.

नंदू: मग मला माफ केलंस, तेही सांग ना.

मालन: नाही. आज जमत नाही, एवढं सांगेन. त्याच्याशी मी खोटं बोलत नाही.