पन्सी कोण?

हॅलो?… हो, आयोनीच बोलतेय. तुम्ही कोण?… टीव्हीवाले. बरं. नंबर कुणी दिला?… चर्चमधून? असं कुणाचं तोंड सुटलंय, ते बघतेच मी रविवारी.

ऐकतेय, बोला… माझ्या भावावर मालिका? लॅसेल्सवर? आज आठवण झाली? तो पोलीस कोठडीत मेला तेव्हा तुमच्यातलं कुत्रंसुद्धा लंडनच्या या ब्रिक्स्टनमध्ये फिरकलं नव्हतं… तुमचा जन्म झाला नव्हता? मग ऐकून घ्या. तेव्हाही एक जण असाच गोड बोलत आला होता, वार्ताहर म्हणून. चहा पाजला, केक खाऊ घातला. निघाला साध्या वेशातला पोलीस!

नाव काय तुमचं?… नॅडीन. आईवडील कुठले?… बार्बाडोस? अरे देवा, छोट्या बेटाची! तरीच इतकं हळू बोलतेस. आम्हा जमैकावाल्यांसारखं जोरात बोललीस तर समुद्रात पडशील… हसू नकोस. विश्वास नाही बसलेला माझा.

थांब, गॅस बारीक करते. शनिवारचं सूप आहे, तळाला लागेल… हं. दाखवणार काय, ते सांग… बोट? आम्ही जमैकाहून इंग्लंडला आलो ती बोट आहेच का! बोट, पाऊस, डोक्यावर हॅट, हातात बॅग. आणि आम्ही रडायचं. नाहीतर नाचायचं. अगं, लॅसेल्स बसचा कंडक्टर होता. भांडखोर. डॉमिनोत लबाडी करायचा. सोंगटी अशी आपटायचा की खालचा भाडेकरू काठीनं छत ठोकायचा. ते दाखवणार?… लिहून घेतेस? घे.

आणि पोलीस कसे दाखवणार?… दोन्ही बाजू. वाटलंच मला! बाई, एक बाजू चादरीत गुंडाळून आमच्या ताब्यात दिली, आणि दुसरी बाजू पेन्शन खातेय. बोल आता.

नाही. परवानगीच्या कागदावर माझी सही मिळणार नाही… अगं, नाही म्हटलं ना… बरं, एकच प्रश्न. विचार.

काय म्हणालीस?

परत म्हण.

…पन्सी. नाही गं, प्रेयसी कसली? हे नाव कुठून काढलंस तू?… कोठडीच्या प्रसंगात. तो दार बडवतो आणि 'पन्सी, पन्सी' अशा हाका मारतो. हं… नटी शोधायचीय, म्हणून विचारतेस.

जरा बसते हं.

अगं ऐक ना. पन्सी मी. आमच्यात घरातलं नाव उंबऱ्याबाहेर नेत नाहीत. शाळेत आयोनी, चर्चमध्ये सिस्टर आयोनी. नवऱ्यालासुद्धा लग्नानंतर कळलं. तो गेला, आई गेली. त्या नावानं मला हाक मारणारं आता कुणी नाही… चर्चमध्ये? कुणालाही ठाऊक नाही. मग तुझ्या लेखकाला कुणी सांगितलं?

…सल्लागारानं. आणि सल्लागार कोण?

तेव्हा त्याच चौकीत ड्यूटीवर होता. कोवळा शिपाई होता म्हणे.

नाही, ओरडत नाहीये मी. नॅडीन, नीट ऐक. मरणाच्या चौकशीत त्या सगळ्यांनी बायबलवर हात ठेवून सांगितलं की लॅसेल्सला आणलं तेव्हाच तो दारू पिऊन बेशुद्ध होता, तोंडातून एक शब्द फुटला नाही. बेशुद्ध माणूस बहिणीला हाक मारतो?… हो. हो ना. मग?

मागे कोण बोलतंय?… तुझा साहेब. फोन ठेव म्हणतोय. ठेवणार तू?

…शाबास. दार लावून घे आतून. आता त्या शिपायाचं नाव सांग… हळू. हं… हं. तो होता तिथे. समोरच्या बाकावर बसला होता चौकशीत, माझ्याकडे बघत नव्हता.

त्या कोठडीच्या प्रसंगाचं पान घेऊन ये माझ्याकडे. आत्ताच ये. पुढच्या खोलीतल्या सोफ्यावरचं प्लास्टिक काढून ठेवते. पाद्र्यासाठीसुद्धा काढत नाही मी ते… हो, सूपही देईन.

आणि पोरी… किती वेळ हाका मारत होता, तेही लिहिलंय का?

…उजाडेपर्यंत.

नको. पुढचं वाचू नकोस. मला वकिलाला फोन लावायचाय. ठेव तू… ठेव म्हणते ना. माझ्यानं ठेववत नाहीये.