ठरलंय तेवढंच

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या मास्तरांच्या कानावर शेजारच्या सासू-सुनेचं बोलणं पडत होतं.

“साहेबांना तोंडावर नाही म्हणालीस?”

“हो आई. दोन आठवड्यांत सॉफ्टवेअरचं कुठलं काम करायचं, ते आमच्या टीमने मिळून ठरवलंय. मध्येच नवं घुसवलं की सगळंच अर्धवट राहतं.”

“आणि नोकरी गेली म्हणजे?”

“गेल्या खेपेला त्यांचं ऐकलं आणि एकही काम धड झालं नाही. आता म्हटलं, नवं हवं तर ठरलेल्यातलं एक काढा. तारीख हलणार नाही.”

“मग?”

“नवं काम पुढच्या खेपेवर ढकललं.”

दार उघडून डॉक्टर डोकावले.

“या आजी. दाढ काढतोच आहोत, तर शेजारचीही उरकून टाकू.”

सासूबाई चष्मा सावरत उठल्या.

“आज एकच ठरलीय. शेजारची हवी असेल, तर ही राहू द्या.”