चिमीची सावली

झेरॉक्सच्या दुकानात माझ्या पुढचे गृहस्थ मुलीचा फोटो पेनड्राइव्हवर घेऊन आले होते. कॉम्प्युटरवर दुकानाच्या बाई होत्या.

"ताई, नुसती काळी सावली हवी. पोर गेल्यापासून हिच्या आईला चेहरा बघवत नाही. आणि रिकामी भिंतही बघवत नाही."

"करते की. पॉवरपॉइंटमध्ये होतं. आधी मागचं सगळं काढायचं, मग ब्राइटनेस पार खाली ओढायचा. ही बघा, झाली."

"वेणी एकच कशी?"

"दुसरी सुटली होती हो. म्हटलं, कडा जरा साफ दिसेल."

"नको नको, ती आणा परत. चिमीची एक वेणी कायम सुटलेलीच. रोज बोलणी खायची त्यावरून."

"घ्या, आणली."

"हां, आता चिमी. ताई, आतला चेहरा पुसला गेला का हो?"

"छे! आत आहे तसाच आहे. फाइलमध्ये 'रिसेट' दाबलं की परत दिसतो."

"हे तिच्या आईला सांगू नका हं. बाहेर बाकावर बसलीय."

"नाही सांगत."

"मला तेवढं ते बटण कुठंय, दाखवून ठेवा."